बियाणं तेच, मग कणीक का तुटते?

प्रश्न : मी गहू पिकवतो आणि ब्रेड भाजणाऱ्या मित्राला देतो. तीन वर्षं बियाणं तेच, वावरही तेच. यंदा पाऊस भरपूर झाला, म्हणून युरियाचा एक हप्ता वाढवला. तपासणीत प्रथिनं वाढलेली दिसली, पण मित्र नाराज आहे. कणीक ताणायला गेलं की अडते आणि तटकन तुटते, असं तो म्हणतो. वाण बिघडला का?

उत्तर : तुमच्या पत्रातला 'अडते' हा शब्द मी दोनदा वाचला. मित्राने 'सैल पडते, हाताला चिकटते' असं सांगितलं असतं, तर मी आधी उन्हाचा विचार केला असता. दाणा भरताना पारा ३५ अंशांच्या वर गेला की प्रथिनांच्या मोठ्या साखळ्या नीट जुळत नाहीत आणि कणीक लोळागोळा होते. तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय.

वाणाची शंका आधी काढून टाकू. गहू स्वपरागी पीक आहे. भेसळ झाली नसेल, तर तीन वर्षांत जनुकं बदलत नाहीत.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं नळाच्या बारीक धारेखाली कणकेचा गोळा चोळण्यात गेली. स्टार्च दुधासारखा वाहून जातो आणि हातात राखाडी, रबरासारखा गोळा उरतो. तेच ग्लूटेन. बोलोन्याच्या याकोपो बेकारी यांनी गव्हाच्या पिठातून हा गोळा असाच वेगळा केला होता. त्यांचं ते काम १७४५ साली छापून आलं. या गोळ्यात दोन मंडळी असतात : ग्लायडिन कणकेला ताणू देतं, ग्लुटेनिन तिला मागे खेचतं. त्यांचा तोल म्हणजे कणकेचा स्वभाव.

हा स्वभाव आधी जनुकं आखून देतात. ब्रेडच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, तीन वेगवेगळ्या गवती पूर्वजांकडून आलेली. त्या तीन जनुकसंचांना ए, बी आणि डी म्हणतात. ग्लुटेनिनच्या मोठ्या उपघटकांची जनुकं १ए, १बी आणि १डी या गुणसूत्रांवर बसलेली आहेत. १९८०च्या सुमारास केंब्रिजमध्ये पीटर पेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १डीवर '५ + १०' क्रमांकांच्या उपघटकांची जोडी असलेल्या वाणाची कणीक सहसा '२ + १२' वाल्यापेक्षा कणखर होते. पाचव्या उपघटकात सिस्टीन हे अमिनो आम्ल एका जागी जास्त असतं. दोन सिस्टीन जवळ आले की त्यांच्यातलं गंधक एकमेकांना धरतं आणि साखळीला साखळी जोडली जाते. कणकेचा जोर या पकडीत आहे.

प्रयोगशाळेत ही प्रथिनं विजेच्या जोरावर जेलच्या पातळ थरातून पळवली की आकारानुसार वेगळी होऊन त्यांचे पट्टे उमटतात. एकाच वाणाचे, पण दोन वावरांतले नमुने मी शेजारी शेजारी लावले होते. पट्ट्यांच्या जागा हुबेहूब त्याच, जाडी मात्र निराळी. जागा बियाण्याने ठरवल्या होत्या, जाडी वावराने. त्या दिवसापासून 'वाण चांगला आहे ना, मग झालं' असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता तुमचा युरिया. त्यात नत्र आहे, गंधक अजिबात नाही. त्यात भरपूर पावसाने जमिनीतलं सल्फेट, म्हणजे मुळांना घेता येणारं गंधक, खाली वाहून जातं, हलक्या जमिनीत जास्तच. नत्र मुबलक आणि गंधक तोकडं, अशा वेळी रोप प्रथिनं बनवायचं थांबवत नाही. ज्यांना गंधक कमी लागतं तीच ते जास्त बनवतं : ओमेगा ग्लायडिन आणि ग्लुटेनिनचे मोठे उपघटक. अल्फा व गॅमा ग्लायडिन आणि ग्लुटेनिनचे लहान उपघटक यांना गंधक जास्त लागतं, म्हणून ते मागे पडतात. प्रथिनांचा आकडा चढतो आणि कणीक ताठर होते, ताणली की तुटते. प्रथिनांची टक्केवारी पाहून गहू पारखणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. किती, हे त्यातून कळतं. कोणती, हे कळत नाही.

माझं निदान पत्रावरून केलेलं आहे, म्हणून दाणे तपासून घ्या. नत्र आणि गंधक दोन्ही मोजायला सांगा. दाण्यात गंधक ०.१२ टक्क्यांहून कमी आणि नत्र त्याच्या १७ पटींहून जास्त निघालं, तर गंधकाची कमतरता नक्की समजा. पुढच्या हंगामात पिकाकडेही बघा. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. गंधक कमी पडलं तर नवी, वरची. युरियाचा काही भाग अमोनियम सल्फेटच्या रूपात द्या, किंवा जिप्सम टाका. नुसतं गंधक वापरायचं असेल, तर पेरणीच्या बरंच आधी, कारण मातीतल्या जीवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय मुळांना ते घेता येत नाही.

प्रश्न : आमच्या घरात एकाला सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, आहे. एकदाणी गव्हासारखे जुने प्रकार चालतील का?

उत्तर : नाही. एकदाणी, खपली, स्पेल्ट, सगळ्यांत ग्लूटेन आहे. आतड्याला सर्वाधिक डिवचणाऱ्या ग्लायडिनचे काही तुकडे डी जनुकसंचातून येतात आणि एकदाणी व खपलीत तो संच नसतो, हे खरं. पण त्रास देणारे बाकीचे तुकडे त्यांच्यातही आहेत. कमी नत्र देऊन पिकवलेला गहूही चालणार नाही. राय आणि बार्लीही घरात त्या व्यक्तीच्या ताटापासून दूरच ठेवा.