21 मार्चला वंशभेदविरोधी कार्यक्रम करायचा आहे. तो नुसता खाण्या-नाचण्याचा होऊ नये म्हणून काय करावं?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पुण्यातल्या तुमच्या भागात ईशान्येकडच्या राज्यांतले आणि आफ्रिकी देशांतले बरेच विद्यार्थी भाड्याने राहतात. मंडळाला दीडशे माणसांचा एक संध्याकाळचा कार्यक्रम करायचा आहे. आणि तो "त्यांचा नाच बघितला, मोमो खाल्ले, घरी गेलो" असा व्हायला नको आहे. ही शेवटची काळजी अगदी योग्य आहे. असे बहुतेक कार्यक्रम तिथेच संपतात.

कार्यक्रमाची आखणी संस्कृतीपासून करू नका, अडचणीपासून करा. तुमच्या भागात या मुलामुलींना सगळ्यात जास्त नडतं ते काय? बहुधा खोली मिळणं. त्यानंतर रस्त्यावरची हाक आणि शेरे, आणि तक्रार कुठे करायची हे ठाऊक नसणं. अंदाज बांधू नका, विचारा. दीड महिना आधी दहा-बारा विद्यार्थ्यांना बोलवा आणि हा एकच प्रश्न ठेवा: "इथे राहताना रोज काय नडतं?" त्यांच्यातलेच निम्मे जण नियोजन समितीत घ्या. पाहुणे म्हणून नको, खर्चाच्या निर्णयात मत असलेले सभासद म्हणून घ्या. असं केलं की फॅशन शो, "आदिवासी वेशभूषा स्पर्धा" असल्या सूचना समितीतच गळून पडतात. आणि "आफ्रिका" हा एक देश किंवा "ईशान्य" हे एक राज्य धरायची चूक टळते. मणिपुरी आणि नागा मुलांचे आपापसातले संबंध, सुदानी आणि नायजेरियन मुलांची वेगवेगळी भाषा, हे बाहेरून कळत नाही.

तारखेबद्दल. 21 मार्च 1960 रोजी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे, कृष्णवर्णीयांना सतत पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्यांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, 69 जण मारले गेले. म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 1966 साली हा दिवस वंशभेद निर्मूलनासाठी ठरवला. आपल्याकडे त्याचा आदला दिवस, 20 मार्च, हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा, 1927 चा. हे दोन दिवस शेजारी आहेत याचा उपयोग जरूर करा. पण लक्षात ठेवा, 20 तारखेला तुमचे चांगले कार्यकर्ते महाडला गेलेले असतील, म्हणून मांडवाची आणि हॉलची तयारी 19 लाच उरका. मार्चमध्ये परीक्षाही असतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा आधी कॅलेंडर पाहा. रोजे चालू असतील तर जेवण सूर्यास्तानंतरच ठेवा. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा 55 दिवसांचा उपासही बहुधा याच काळात येतो. त्यात मांस, दूध, अंडी चालत नाहीत. त्यांचे उपासाचे डाळी-भाज्यांचे पदार्थ आपल्या शाकाहारी मंडळींना सहज चालतात, हा त्यातला फायदा.

हॉलचं डिपॉझिट भरण्याआधी एकच गोष्ट लेखी विचारा: मांसाहारी पदार्थ चालतात का? पुण्यात कितीतरी हॉल "फक्त शाकाहारी" असतात आणि हे आदल्या दिवशी कळतं. मग पाहुण्यांना "तुमचं जेवण आणू नका" असं सांगायची वेळ येते. ज्यांना रोज स्वयंपाकाच्या वासावरून घर नाकारलं जातं त्यांना हे सांगणं म्हणजे कार्यक्रमावर सुरुवातीलाच पाणी. परवडत असेल तर दुसरा हॉल घ्या, नाहीतर शाळेचं पटांगण घ्या.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा तर स्थानिक पोलिस ठाण्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 बंदी असते. निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, रुग्णालय-शाळा-न्यायालयाच्या 100 मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्र असेल तर 50. साउंडवाल्याला हे आधी सांगा, कारण तो "थोडं वाढवतो" म्हणतो आणि परवानगी तुमच्या नावावर असते.

आता जेवण. दीडशे माणसांसाठी पाच पदार्थ पुरेत. प्रत्येकाचं 60 ग्रॅम धरलं तर एकेक पदार्थ 9 किलो लागतो. सोबत भाताला माणशी 40 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 6 किलो. पाण्याचे 20 लिटरचे आठ जार. पश्चिम आफ्रिकेचा जोलोफ हा टोमॅटोतला भात मोठ्या पातेल्यात तळाला लवकर लागतो, म्हणून तो दोन पातेल्यांत करा. इंजेरा या इथिओपियाच्या आंबट पोळीचं पीठ दोन-तीन दिवस आधी आंबवावं लागतं, ते आयत्या वेळी होत नाही. नागा अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, शिजताना उग्र वास येतो. त्याची शेगडी दाराजवळ, उघड्या हवेत लावा आणि पाटीवर पदार्थाचं नाव, घटक आणि तो कसा आंबवतात हे लिहा. 2007 साली दिल्ली पोलिसांनी एक पुस्तिका काढून ईशान्येकडच्या लोकांना असे वासाचे पदार्थ शेजारी गोंधळ न होता शिजवा असा सल्ला दिला होता. तो प्रसंगही त्याच पाटीवर दोन ओळींत लिहिण्यासारखा आहे.

डुकराचं मांस असेल तर ते टेबल, त्याचे डाव, त्याची भांडी पूर्ण वेगळी ठेवा, शक्य तर दहा फुटांवर. शाकाहारी टेबल तिसरं. प्रत्येक पाटीवर शेंगदाणे, तीळ, मासे आहेत का ते लिहा. पश्चिम आफ्रिकी रश्शात आणि आपल्या दाण्याच्या कुटात दोन्हीकडे शेंगदाणा असतो आणि त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रात कापलेल्या गाय, बैल, वळू यांचं मांस जाणूनबुजून बाळगणंही गुन्हा आहे, हे बाहेरून आलेल्या मुलांना माहीत नसतं, समितीतच सांगून टाका.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. परदेशी विद्यार्थ्यांना स्टॉल लावून विक्री करायला सांगू नका, मानधनही देऊ नका. स्टुडंट व्हिसावर कमाई करता येत नाही. मंडळाने सामान विकत आणावं, पावत्या ठेवाव्या आणि जेवण मोफत वाढावं. व्हिसाच्याच कारणाने मोर्चा, घोषणा, सरकारविरोधी फलक यांत परदेशी विद्यार्थ्यांना पुढे करू नका. गर्दीत तुम्हाला काही होत नाही, त्यांचा व्हिसा मात्र धोक्यात येऊ शकतो. भारतीय नागरिकांनी बोलायचं ते बोलावं, जरूर बोलावं, पण स्वतःच्या जबाबदारीवर.

भिंतीवर आठ फलकांचं प्रदर्शन लावा, दोन बाय तीन फुटांचे, प्रत्येकावर जास्तीत जास्त 80 शब्द. विषय आपल्याच मातीतले घ्या, म्हणजे "आफ्रिका कुठे आणि आपण कुठे" हा प्रश्न उरत नाही. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार चालवणारा मलिक अंबर. त्यानेच 1610 मध्ये खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दी. अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्या तिथल्या लोकांना 1873 मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण करणारे महात्मा फुले. 1946 मध्ये अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिणारे डॉ. आंबेडकर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेतलेली 1972 ची दलित पँथर. पण एका फलकावर हेही स्पष्ट लिहा की जात आणि वंश या एकच गोष्टी नाहीत. हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या 2001 च्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेत मोठा झाला होता आणि आजही अभ्यासकांत एकमत नाही. उरलेल्या फलकांत एक 2012 च्या ऑगस्टचा हवाच: अफवा आणि मारहाणीच्या भीतीने ईशान्येकडची माणसं रेल्वेगाड्या भरून पुण्यातून, बंगळूरहून परत गेली होती. पुण्यात कार्यक्रम करायचा आणि हे वगळायचं, हे मला पटत नाही.

संध्याकाळचा गाभा आहे टेबलावरच्या गप्पांचा. सहा जणांचं एक टेबल: दोन विद्यार्थी, तीन स्थानिक रहिवासी, एक समन्वयक. दहा टेबलं, चाळीस मिनिटं. बाकीचे लोक त्या वेळी प्रदर्शन आणि जेवणाकडे असतात, म्हणून गोंधळ होत नाही. डेन्मार्कमध्ये 2000 साली रॉस्किल्ड महोत्सवात "ह्युमन लायब्ररी" सुरू झाली, जिथे पुस्तकाऐवजी माणूसच समोर बसून आपला अनुभव सांगतो; तिचा हा मराठी भाऊ म्हणा. मात्र ते नाव जाहिरातीत वापरू नका, त्याला त्या संस्थेची परवानगी लागते. समन्वयकांना आधी दोन तास बसवून तयार करा. त्यांनी थांबवायच्या गोष्टी ठरलेल्या: केसांना हात लावणं, "तुम्ही चीनचे का" हा प्रश्न, "कुत्रं खाता का" हा प्रश्न, आणि कुणाला स्वतःवरचा अत्याचार सांगायला भाग पाडणं. शेवटचं सगळ्यात नाजूक. अनुभव सांगायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या हातात. रेकॉर्डिंग नाही. फोटो नको असलेल्यांना गळ्यात लाल फीत द्या आणि छायाचित्रकाराला ती दाखवून सांगा. नुसती सूचना ऐकली जात नाही.

सूत्रसंचालकाने नावं नीट उच्चारायला हवीत. प्रत्येकाकडून त्याच्या नावाचा व्हॉइस मेसेज मागवा आणि देवनागरीत लिहून घ्या. काँगो, आयव्हरी कोस्टच्या मुलांना फ्रेंच सोयीची, सुदानच्या मुलांना अरबी. त्यांच्याच मित्रांपैकी कुणी दुभाषी होतो का बघा. भाषणं चार मिनिटांची, तीनच. नगरसेवक उशिरा येणार हे गृहीत धरा आणि कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबवू नका. हार-शाल-नारळात अर्धा तास जातो, तेवढ्यात टेबलाची गंमत निघून जाते.

या सगळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे दाराजवळची दोन कामाची टेबलं.

पहिलं घरमालकांचं. "परदेशी नको" म्हणणाऱ्या घरमालकांपैकी बऱ्याच जणांच्या मनात रंगापेक्षा कागदांची आणि पोलिसांची धास्ती असते, आणि ती धास्ती दूर केली तर उरतो तो निव्वळ पूर्वग्रह. मग त्याच्याशी सरळ बोलता येतं. परदेशी भाडेकरू आल्यावर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची असते, ज्याला लोक सी-फॉर्म म्हणतात. ती कशी भरायची ते लॅपटॉपवर प्रत्यक्ष दाखवा. नमुने आणि नियम बदलत असतात, म्हणून त्याच आठवड्यात पोलिस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेत विचारून घ्या, जमलं तर तिथल्या अधिकाऱ्यालाच बसवा. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे सक्तीची आहे आणि ती घरमालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑनलाइन नोंदणीला आधार लागतं. ज्या विद्यार्थ्याकडे ते नाही त्याच्यासोबत दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं, हे एजंट सहसा सांगत नाहीत आणि सौदा तिथेच फिसकटतो. इस्टेट एजंटांना खास बोलवा. घर कुणाला दाखवायचं, हे पुष्कळदा तेच ठरवतात.

दुसरं टेबल तक्रारीचं. इथे एक वकील आणि एक छापील पान हवं, मराठी-इंग्रजी-हिंदीत. तक्रारीत तारीख, वेळ, जागा, बोललेले नेमके शब्द आणि साक्षीदार लिहायचे; "शिवीगाळ केली" एवढं लिहिलं की प्रकरण पातळ होतं. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून दुकानदाराला किंवा सोसायटीला त्याच दिवशी लेखी विनंती द्यायची. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. कॉलेजच्या आत घडलं तर वंश, रंग, प्रांत, भाषा यांवरून केलेला छळ 2016 पासून यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत येतो, हेल्पलाइन 1800-180-5522. ईशान्येकडचे कितीतरी विद्यार्थी अनुसूचित जमातींतले असतात. त्यांच्या प्रकरणात ॲट्रॉसिटी कायदा लागतो का, हे वकिलाने प्रत्येकाचं वेगळं पाहावं, टेबलावर छातीठोक सांगू नये. ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना दहा मिनिटं द्या, पण विषय एकच: आमच्याकडे आलात तर काय होईल.

खर्चाचा माझा अंदाज असा: जेवणाला साधारण चाळीस टक्के, हॉल-साउंडला पंचवीस, छपाई आणि फलकांना पंधरा, दुभाषी, औषधपेटी, रिक्षाभाडं यांना दहा, उरलेले दहा पुढच्या बैठकीसाठी बाजूला. रात्री घरी परतणाऱ्या मुलींची रिक्षा मंडळाने ठरवून द्यावी, हे विसरू नका.

कार्यक्रम किती गर्दीचा झाला हे मोजू नका. किती घरमालकांनी नाव-नंबर दिला, त्यांतल्या किती खोल्या पुढे खरोखर दिल्या गेल्या, आणि किती तक्रारी नोंदल्या गेल्या, हे लिहून ठेवा. नाव-नंबर फक्त संमतीने, एकाच माणसाकडे. पुढची बैठक 26 जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला ठेवा. राज्यात तो सामाजिक न्याय दिन असतोच, शिवाय जून-जुलैत नव्या वर्षाची मुलं खोल्या शोधत असतात. त्या दिवशी नाच नको, जेवणही साधं, फक्त घरमालकांची यादी, करारनाम्याचे कोरे नमुने आणि दोन लॅपटॉप.