पांडवलेणी आधी, पंचवटी नंतर

पाहुण्यांना नाशिक दाखवायला सुरुवात करतोयस ना, मग सकाळी सकाळी पांडवलेण्यांवर ने. ऊन चढलं की पायऱ्यांवरच माणसं वैतागतात. सगळी २४ लेणी दाखवायच्या भानगडीत पडू नकोस. ३ आणि १० नंबरला वेळ दे. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम या आईनं सुमारे १९०० वर्षांपूर्वी दगडात कोरून घेतलाय! दहाव्यात शक राजा, म्हणजे क्षत्रप, नहपानाचा जावई उषवदात याची दानं लिहिलीत. म्हणजे ज्यांना सातकर्णीनं हरवलं, त्यांचेच लेख त्याच डोंगरात. हे निवांत सांग. आणि अक्षरांवरून कुणाला हात फिरवू देऊ नकोस.

मिसळीचं विचारतीलच, ती खाली उतरल्यावर लगेच उरकून घे.

पंचवटीत सीतागुंफेला रांग असेल तर सरळ काळाराम गाठ. काळ्या दगडाचं कौतुक सगळेच करतात, पण २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, हे सांगितल्याशिवाय तिथून हलू नकोस. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती दाखव. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरच आपण नाशिककर पूर मोजतो.