फीडबॅकमध्ये ३.८ आले म्हणजे मी वाईट शिकवते का?

प्रश्न : नमस्कार. मी एका खासगी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते. ईआरपीवर (कॉलेजच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरवर) मुलांकडून फीडबॅक भरून घेतात, त्यात यंदा मला पाचपैकी ३.८ आलेत, डिपार्टमेंटची सरासरी ४.० आहे. १५० च्या बॅचमधल्या फक्त ३१ मुलांनी फॉर्म भरलाय, पण डीन सर म्हणतात इन्क्रिमेंटला हा आकडा धरणार. यंदा मी लेक्चर कमी करून वर्गात गट पाडून केसेस सोडवून घेतल्या. मुलं म्हणतात मॅडम स्वतः शिकवतच नाहीत, सगळं आम्हालाच करायला लावतात. परत जुन्या पद्धतीने शिकवायला लागू का?
– एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, नका. निदान या आकड्यावरून तरी नका.

तुमच्या वर्गात जे झालं अगदी तेच हार्वर्डला फिजिक्सच्या प्राथमिक कोर्सच्या वर्गात मोजून बघितलंय, २०१९ साली त्याचा पेपर आला. मुलांचे दोन गट, विषय तोच, नोट्स त्याच, एका गटाला छान तयारीचं लेक्चर आणि दुसऱ्याला गटात बसून गणितं सोडवायला दिलेली. टेस्टमध्ये सोडवणारी मुलं पुढे, पण 'तुम्ही किती शिकलात' असं विचारल्यावर लेक्चर ऐकलेल्यांना वाटत होतं की आपणच जास्त शिकलो. कारण साधं आहे, स्वतः सोडवताना अडायला होतं, चुकायला होतं, आणि ते अडणं म्हणजे आपल्याला येत नाही असं मुलांना वाटतं. त्या संशोधकांचंच म्हणणं आहे की हे मुलांना टर्मच्या सुरुवातीलाच सांगून टाकावं. तुम्ही पुढच्या बॅचला पहिल्याच तासाला सांगा, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

आता आकड्याचं. ३१ जणांपैकी फक्त दोघांनी २ च्या जागी ५ दिले असते तर तुमची सरासरी ०.१९ ने वर गेली असती, म्हणजे सरळ ३.९९, डिपार्टमेंटच्या बरोबरीला. दोन मुलांच्या त्या दिवशीच्या मूडवर कुणाचं इन्क्रिमेंट ठरत असेल तर मला ते खरंच अन्यायाचं वाटतं. आणि उरलेल्या ११९ जणांना काय वाटतं ते कुणालाच माहीत नाही. ज्यांना खूप आवडलं किंवा खूप राग आला तीच मुलं बहुधा आपणहून फॉर्म भरायला बसतात, आणि सगळ्यांनी भरावा म्हणून हॉलतिकीट अडवलं तर मुलं न वाचता एका ओळीत सगळीकडे ४ टिक करून मोकळी होतात. दोन्हीकडे गडबड आहेच, पण डॅशबोर्डवर ती दिसत नाही, तिथे फक्त एक दशांश आकडा येतो आणि तो फार पक्का वाटतो.

बरं हे तुमच्याच क्षेत्रात जुनं आहे. १९७० मध्ये अमेरिकेत मायकल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' बनवून मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशा लोकांसमोर उभं केलं, विषय होता डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती गेम थिअरी, बोलणं मुद्दाम निरर्थक आणि परस्परविरोधी ठेवलेलं, पण अंदाज एकदम झकास, आणि ऐकणाऱ्यांनी फीडबॅक चांगला दिला. १९७३ मध्ये ते छापून आलं. ही सगळी शिकलेली, अनुभवी माणसं होती, मग पहिल्या वर्षाच्या मुलांना दोष कसा द्यायचा? जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाच्या मेडिकलच्या मुलांवर प्रयोग केला, इमर्जन्सी मेडिसिनच्या तासाला काही गटांना चॉकलेट कुकीज ठेवल्या, काहींना नाही. कुकीजवाल्या गटांनी शिक्षकांना जास्त मार्क दिले आणि कोर्सचं मटेरियलसुद्धा जास्त चांगलं असल्याचं लिहिलं, मटेरियल तर सगळ्यांना तेच होतं.

समाधान वेगळं आणि फायदा वेगळा, हे तुमच्या ईआरपीसारख्या सिस्टिम्सचा अभ्यास करणाऱ्यांनी कधीच मांडलंय. डीलोन आणि मॅक्लीन यांच्या १९९२ च्या मॉडेलमध्ये वापरणाऱ्याचं समाधान आणि प्रत्यक्ष झालेला परिणाम हे वेगवेगळे खण आहेत. हॉस्पिटलचंही तेच, २०१२ मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात सगळ्यात समाधानी पेशंट्सचा औषधांवरचा खर्च जास्त होता आणि मृत्यूचा धोकासुद्धा जास्त निघाला. समाधानामुळेच तसं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण पेशंट खूश म्हणजे उपचार बरोबर असं धरून चालत नाही एवढं नक्की.

पण म्हणून मुलांचं ऐकायचंच नाही असंही नको. सर वेळेवर येतात का, शेवटच्या बेंचवर आवाज पोचतो का, शंका विचारली तर अपमान होतो का, याची साक्ष फक्त मुलंच देऊ शकतात आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. 'विषय किती शिकलो' याला मात्र परीक्षा लागते.

तर असं करा. टॉपिक सुरू करायच्या आधी दहा एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) द्या, संपल्यावर तेवढ्याच अवघड दुसऱ्या दहा द्या, दोन्हींचे मार्क ठेवून द्या. डिपार्टमेंटमधल्या एखाद्या सीनियरना तुमच्या तासाला बसायला सांगा आणि त्यांच्याकडून लेखी घ्या. टर्मच्या मध्येच एका चिठ्ठीवर मुलांना विचारा की काय समजलं नाही, आणि पुढच्या तासाला त्यातलं काहीतरी खरोखर बदला, नाहीतर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही.

डीन सरांकडे जाताना ईआरपीवाल्यांकडून किती जणांनी १ दिला, किती जणांनी ५, ते पूर्ण वाटप काढून न्या, सोबत एमसीक्यूचे मार्क. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) फीडबॅक लागतो असं ते म्हणतील, तर नॅकचा विद्यार्थी समाधान सर्व्हे सगळ्या संस्थेचा असतो, एकेका शिक्षकाचा पगार ठरवायला नसतो, हे शांतपणे सांगा. इन्क्रिमेंटला फीडबॅक धरायचाच असेल तर सलग तीन वर्षांचा धरा आणि निम्म्यापेक्षा कमी मुलांनी भरला असेल ते वर्ष सोडून द्या, अशी लेखी मागणी करा. एकट्याने करू नका, डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ४.० वाल्यांच्यासुद्धा.