वाचकांचे प्रश्न : डीबीएसचं सेटिंग कधी वाढवायचं?

प्रश्न : धाकट्या भावाला औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी डीबीएस (मेंदूत बारीक तार घालून विजेचे सूक्ष्म स्पंद देणारं यंत्र) बसवून पाच महिने झाले. वाईट आठवडा गेला की आम्ही सेटिंग वाढवून मागतो. डॉक्टर 'महिनाभर थांबू' म्हणतात. शेजारच्या काकांचा पार्किन्सनचा कंप मात्र सेटिंग बदलताच थांबला. मग इथेच चालढकल का?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. कंप डोळ्यांना दिसतो, त्यामुळे सेटिंग लागू पडलं की नाही ते बसल्या जागी कळतं. नैराश्यात परिणाम आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उमटतो. टोरांटोत हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या मूडशी संबंधित ब्रॉडमन 25 या भागात लीड (यंत्राची मेंदूतली तार) बसवलेल्या सहा रुग्णांचा अनुभव 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी त्यांतल्या चौघांना चांगला फरक होता. पुढे अमेरिकेत 90 रुग्णांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी यंत्र चालू आणि बंद असलेल्या गटांत ठळक फरक दिसला नाही. उपचार चालू ठेवलेल्यांची सुधारणा नंतरही वाढत गेली, पण तोवर तुलनेचा गट उरला नव्हता. म्हणून हा उपचार अजून संशोधनाच्याच पायरीवर आहे.

वाईट आठवडा आला की आधी यंत्र तपासावं. रिमोटवर 'चालू' दिसतंय का, बॅटरी किती उरली आहे? यंत्र बंद पडलं तर पार्किन्सनमध्ये कंप लगेच परततो; नैराश्य हळूहळू उतरणीला लागतं, त्यामुळे घरात कुणाला शंकाच येत नाही. क्लिनिकमध्ये प्रत्येक कॉन्टॅक्टचा (लीडच्या टोकाजवळ वीज सोडणाऱ्या बिंदूचा) इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बघतात : फार वाढला तर तार तुटलेली किंवा जोड सुटलेला, फार कमी झाला तर शॉर्ट.

यंत्र ठीक असेल तरच सेटिंगकडे वळावं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ब्रॉडमन 25 मध्ये बहुतेकदा 130 हर्ट्झ (सेकंदाला 130 स्पंद) आणि 60 ते 90 मायक्रोसेकंद (एका स्पंदाची लांबी) ठेवून करंट वाढवतात, तोही अर्धा मिलिअँपिअर, मग साधारण चार आठवडे वाट. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशानं वाटलं आणि बिघडलं कशानं, दोन्ही कळत नाही. कॉन्टॅक्ट बदलणं शेवटी. ते जवळजवळ नवी जागा निवडण्यासारखं आहे, वाट पाहणं पुन्हा पहिल्या दिवसापासून.

'थोडं वाढवा' हे फुकटचं नसतं. बाकी सगळं तेच ठेवून 4 व्होल्टचे 5 केले तर ऊर्जा 25 नव्हे, सुमारे 56 टक्के वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चार्जिंग न होणारी बॅटरी असेल तर ती बदलायची शस्त्रक्रिया त्या मानाने लवकर.

लीड व्हेंट्रल स्ट्रायटम या मेंदूच्या दुसऱ्या, आनंद-उत्साहाशी जोडलेल्या भागात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे काही मिनिटांतच हसू फुटणं, छातीत ऊब, अस्वस्थता असं होऊ शकतं. त्यामुळे बदलानंतर थोडा वेळ क्लिनिकमध्येच बसवून ठेवतात. घरी आल्यावर झोप चार तासांवर येऊनही उत्साह मावत नसेल, खर्च सुटले असतील, तर त्याच दिवशी कळवा. तो बरं होण्याचा वेग नाही, हायपोमेनिया (मूड प्रमाणाबाहेर चढणं) आहे.

वहीत 'मूड कसा' लिहू नका, मोजता येईल ते लिहा : किती तास झोपला, स्वतःहून आंघोळ केली का, तलावपाळीला फेरी झाली का, कुणाला फोन केला का. आत्महत्येचे विचार आले तर मात्र प्रोग्रॅमिंगच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच तातडीच्या विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : आईला डीबीएस आहे. खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपिस्टनी डायथर्मी (विद्युत लहरींनी आतून शेक देणं) सुचवली. यंत्र बंद करून घेतली तर चालेल?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही, बंद करूनही नाही, आणि शरीराच्या कुठल्याही भागावर नाही. डायथर्मीची ऊर्जा तारेतून लीडच्या टोकाशी पोचते आणि तिथला मेंदू भाजू शकतो. याने मृत्यूही झाले आहेत. गरम पाण्याची पिशवी चालेल, फक्त कॉलर बोनखालच्या बॅटरीवर ठेवू नका. एमआरआय सांगितला तर आधी यंत्राचं कार्ड दाखवा : कोणत्या मशीनवर, कोणत्या अटींवर चालेल, हे मॉडेलवर ठरतं.