‘इंडियन आयडॉल’ उद्या सोनी सोडून दुसऱ्या चॅनलवर जाऊ शकतं का?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: ‘शो सोनीचा आहे, मग दुसरं चॅनल तो घेणार कसा?’ बाकी प्रश्न साधा आहे, पण हा ‘सोनीचा’ शब्द वाचून गप्प बसवत नाही.

‘इंडियन आयडॉल’ सोनीचं नाही. २००४ पासून तिथेच दिसतंय म्हणून तसं वाटतं. एकाच खोलीत वीस वर्षं भाड्याने राहिलेल्या बिऱ्हाडकरूला चाळीतली पोरं मालकच समजतात, त्यातलाच प्रकार. मूळ ‘पॉप आयडॉल’ २००१ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झालं. कल्पना सायमन फुलर यांची, आणि देशोदेशी त्याचे परवाने देते फ्रीमँटल ही कंपनी. सोनीकडे आहे तो परवाना. पुरावा हवा तर २०२२ मध्ये आलेलं ‘तेलुगू इंडियन आयडॉल’ बघा. नाव तेच, पण दिसलं आहा या तेलुगू ओटीटीवर. सूत्रसंचालक होता श्रीराम चंद्र, म्हणजे सोनीवरच्या पाचव्या सीझनचा विजेता.

तेव्हा कागदावर उत्तर ‘हो, जाऊ शकतं’. व्यवहारात, सोनी परवाना पुढे चालू ठेवतंय तोवर नाही.

अशा परवान्यात नेहमीची काही कलमं असतात आणि सगळा खेळ त्यांच्यातच असतो. किती सीझन, कोणती भाषा, कोणता प्रदेश, टीव्ही की ओटीटी की दोन्ही, हे सुरुवातीलाच. मग येतो रिन्यूअल ऑप्शन: अमुक तारखेच्या आत चॅनलने लेखी कळवायचं की पुढचा सीझन घेतोय. ती तारीख चुकली तरी फॉरमॅटमालक, म्हणजे शोचा मूळ साचा ज्याचा तो, लगेच मोकळा होत नाही. आधी जुन्या चॅनलशीच बोलणी करायची, महिनाभर वगैरे. त्यानंतर काही करारांत मॅचिंग राइट असतो, म्हणजे बाहेरच्याने जो आकडा दिला तो जुन्या चॅनलने दिला तर शो तिथेच राहणार. आणि शेवटी होल्डबॅक: शेवटचा एपिसोड दाखवल्यापासून ठरावीक महिने तो फॉरमॅट त्या भाषेत दुसऱ्याला विकायचा नाही. शो ‘पळवला’ अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा कुणी काही पळवलेलं नसतं, जुन्या चॅनलने ऑप्शनची तारीख सोडून दिलेली असते. फॉरमॅट फी सर्वसाधारणपणे एपिसोडच्या निर्मितीखर्चाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या घरात असते. टीआरपी उतरला की चॅनलला पहिली हीच रक्कम डोळ्यांत खुपते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं. ‘अमेरिकन आयडॉल’ २००२ पासून फॉक्सवर होतं. २००३ च्या महाअंतिम फेरीला ३ कोटी ८० लाख प्रेक्षक. मग घसरण. मे २०१५ मध्ये फॉक्सने जाहीर केलं की पंधरावा सीझन शेवटचा, आणि ७ एप्रिल २०१६ ला निरोपाचा एपिसोड झाला. वर्षभरात मालक नाव घेऊन पुन्हा बाजारात उतरले. एनबीसीशी बोलणी झाली, फॉक्सशीही झाली. फॉक्सची जाहीर भूमिका अशी की इतक्या थाटात निरोप देऊन लगेच परत आणणं ही प्रेक्षकांची फसवणूक वाटेल. मे २०१७ मध्ये एबीसीने शो घेतला, ऑगस्टमध्ये ऑडिशनची बस गावोगाव फिरायला लागली आणि ११ मार्च २०१८ ला पहिला एपिसोड लागला.

घोषणेपासून प्रक्षेपणापर्यंत दहा महिने लागले. ‘पुढच्या महिन्यात दुसऱ्या चॅनलवर’ असे फॉरवर्ड येतात त्यांच्याकडे बघून मी हसतो ते याच कारणाने. ऑडिशन, सेट, गाण्यांचे हक्क, प्रायोजक, मतदानाची यंत्रणा, यांतलं काहीच जुन्या चॅनलकडून ट्रकमध्ये भरून आणता येत नाही.

एबीसीला काय मिळालं? नाव, लोगो, संगीत, ऑडिशन पार करणाऱ्याला मिळणारं सोनेरी तिकीट आणि सूत्रसंचालक रायन सीक्रेस्ट. परीक्षक तिन्ही नवे: केटी पेरी, ल्यूक ब्रायन, लायनल रिची. पहिल्या सीझनची विजेती केली क्लार्कसन या घरात शोभली असती, पण तोवर ती एनबीसीच्या ‘द व्हॉइस’शी करार करून बसली होती. माणसं फॉरमॅटला बांधलेली नसतात, ती ज्याच्या त्याच्या स्वतंत्र कागदाला बांधलेली असतात. पहिल्या एपिसोडला एक कोटीच्या आसपास प्रेक्षक आले. फॉक्सच्या भराच्या काळाच्या मानाने किरकोळ, पण एबीसीला पुरे होते.

शो मिळवायचा याहून पक्का मार्ग म्हणजे मालकच विकत घेणं. ‘द व्हॉइस यूके’ २०१२ पासून बीबीसीवर होतं. २०१५ मध्ये आयटीव्हीने ‘द व्हॉइस’ची मूळ डच कंपनी टाल्पा खरेदी केली. बीबीसीच्या करारातले सीझन संपले आणि जानेवारी २०१७ पासून शो आयटीव्हीवर. कलम-बिलम काही मोडावं लागलं नाही.

भारतातही शोने चॅनल बदलल्याचं घडून गेलंय, कुणाच्या फारसं लक्षात नाही एवढंच. ‘द व्हॉइस इंडिया’ २०१५ मध्ये झीच्या अँड टीव्हीवर सुरू झालं. २०१९ मध्ये तेच स्टार प्लसवर आलं, नावातला ‘इंडिया’ गळला, ए. आर. रहमान सुपर गुरू झाले. एक सीझन, आणि संपलं. अँड टीव्हीवरच्या पहिल्या सीझनचा विजेता पवनदीप राजन २०२१ मध्ये सोनीवर ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या सीझनचाही विजेता झाला. म्हणजे फॉरमॅट बदलीवर गेला नि आपटला, गाणारा एकटा गेला आणि जिंकला.

आता ‘सारेगमप’. कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: ते जाणार नाही. तिथे परवाना वगैरे भानगडच नाही, नाव झीचं स्वतःचं आहे. १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झालं तेव्हा ते उभं करणारे गजेंद्र सिंग. पुढे ते झीतून बाहेर पडले आणि २००७ मध्ये स्टार प्लसवर त्यांचं ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ आलं. गायनस्पर्धा कशी बांधायची याचं सगळं कसब सोबत गेलं, नाव मात्र जागेवर राहिलं. प्रेक्षक कसबाच्या मागे जातात की नावाच्या, याचं उत्तर तुम्ही आज टीव्ही लावून बघू शकता.

गायनस्पर्धेत नावाशिवाय राखण्यासारखं फार थोडं असतं. कल्पनेवर कॉपीराइट नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय. गायक गाणार, तिघे मार्क देणार, दर आठवड्याला एक घरी जाणार, यावर कुणाचीच मालकी नाही. ब्रिटनचे ह्यूई ग्रीन ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ नावाचा असाच टॅलेंट शो चालवायचे. न्यूझीलंडच्या प्रसारकाने त्याच नावाचा, तसाच शो काढला, टाळ्यांचा आवाज मोजणाऱ्या काट्यासकट. ग्रीन लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेले आणि १९८९ मध्ये हरले. ठरावीक वाक्यं आणि चार युक्त्या म्हणजे कॉपीराइट मिळावा अशी ‘कृती’ होत नाही, असा निकाल. म्हणून परवान्यातून खरं विकलं जातं ते नाव, लोगो, आणि ‘बायबल’: कॅमेरे कुठे, ‘द व्हॉइस’मध्ये परीक्षकाची खुर्ची किती सेकंदांत फिरते, कोणत्या फेरीत किती जण गाळायचे, गेल्या सीझनला कुठे फसलं. पहिल्या वर्षी सेटवर मालकाचा माणूस येऊन बसतो तो हे सगळं तसंच होतंय ना ते बघायला.

नाव हातचं गेलं तर काय होतं ते चीनमध्ये दिसलं. तिथल्या निर्मात्यांनी ‘द व्हॉइस’ची चिनी आवृत्ती ‘व्हॉइस ऑफ चायना’ चार सीझन गाजवली. मग टाल्पाने २०१६ मध्ये परवाना दुसऱ्याच कंपनीला दिला. प्रकरण लवादात आणि कोर्टात गेलं, आणि प्रक्षेपणाच्या तोंडावर जुन्या निर्मात्यांना नाव बदलून ‘सिंग! चायना’ करावं लागलं. फिरणाऱ्या लाल खुर्च्याही गेल्या. त्यांच्या जागी उतारावरच्या रुळांवरून घसरत स्टेजपाशी येणाऱ्या खुर्च्या आल्या. चॅनल तेच, निर्माते तेच, शो मात्र कागदावर दुसरा.

मराठीत नाव बदलून चॅनल बदलल्याचं उदाहरण गाण्याचं नाही, पण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ होतं, २०१९ मध्ये सोनी मराठीवर आलं ते ‘कोण होणार करोडपती’. खुर्ची तीच, घड्याळ तेच.

जुने एपिसोड जुन्या चॅनलकडेच राहतात, आणि याकडे लोक सर्वात कमी बघतात. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७(ख) म्हणतं की मोबदला देऊन दुसऱ्याने करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक तो करवून घेणारा, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे कागद मुका असला की रेकॉर्डिंग चॅनलचं. यूट्यूबवर ऑडिशनच्या ज्या क्लिप वर्षानुवर्षं चालतात त्यांचे पैसेही तिकडेच. नव्या चॅनलला ‘आठवणीतले क्षण’ दाखवायचे तर जुन्या चॅनलकडे परवानगी मागावी लागते. गाण्यांचंही तसंच: म्युझिक कंपन्यांचे परवाने चॅनलच्या नावे असतात, शोच्या नावे नाही. नवा करार झाला नसेल तर स्पर्धकाने गायलेलं सिनेमागीत टीव्हीवर वाजणार नाही, आणि क्लिप टाकली तर आवाज बंद होणार.

इथून मूळ प्रश्न थोडा बाजूला पडतोय, पडू दे. मराठीतल्या निर्मात्यांचं एक आवडतं वाक्य आहे: ‘परदेशी फॉरमॅटला फी कशाला, आपण आपला बनवू.’ मग बनवतात आणि पहिल्याच करारात नाव, कल्पना, रेकॉर्डिंग, भविष्यातली सर्व माध्यमं, सगळं चॅनलच्या ओटीत टाकतात. त्याच करारात एक ओळ हमखास असते की ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’. कॉपीराइट कायद्यातलं हे मूळ कलम हक्क देणाऱ्याच्या बाजूचं आहे: घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो. ती ओळ खोडायला सांगा म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘इथे असं कोणी देत नाही’. अरे, मागितलंय कुणी? फ्रीमँटल मागतं म्हणून त्याला मिळतं. तुम्ही शो मांडायला जाण्याआधी पंधरा पानांचं बायबल लिहा, तारखेनिशी स्वतःला मेल करा, सभासद असाल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा. नावाचा ट्रेडमार्क अर्ज वर्ग ४१ मध्ये, म्हणजे करमणुकीच्या वर्गात टाका. व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये लागतात, प्रोमोच्या दिवशीचा चहा-वडापाव त्याहून महाग पडतो. करारात एवढंच मागा की २४ महिन्यांत नवा सीझन केला नाही तर नाव माझ्याकडे परत. चॅनल नाही म्हणेल, मग ३६ वर या. हे न करता ‘आमचा शो चॅनलने गिळला’ म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण थोडीच.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वर कलमांचे जे नमुने दिलेत ते नेहमीच्या व्यवहारातले. सोनी आणि फ्रीमँटल यांच्यातला नेमका कागद जाहीर नाही, त्यामुळे त्यांची ऑप्शनची तारीख कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा तुला कशी कळली. आणि मी वकील नाही. करारावर सही करताना वकील घ्या, मी लिहिलेला परिच्छेद नको.

दुसरं, ‘दुसरं चॅनल’ म्हणजे कोण हेही बदलत असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स (कलर्सवाले) आणि डिस्ने (स्टारवाले) यांचा व्यवहार पूर्ण झाल्यापासून कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह एकाच घरात आहेत. झी-सोनी विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये मोडलं नसतं, तर ‘सारेगमप’ आणि ‘इंडियन आयडॉल’ एकाच मालकाच्या दोन स्लॉटमध्ये बसले असते आणि तुमचा प्रश्नच वेगळा असता.

शो कुणाचा आहे हे स्वतः तपासायचं असेल तर शेवटच्या एपिसोडची श्रेयनामावली थांबवून वाचा. परवान्यावरच्या शोमध्ये सगळ्यात शेवटी, स्पॉटबॉयच्या नावांनंतर, मूळ फॉरमॅट कोणाचा ते बारीक अक्षरांत असतं. बहुतेक चॅनल ती पाटी दोन सेकंद ठेवतात आणि तिच्यावरून पुढच्या मालिकेचा प्रोमो सरकवतात.