टाळ आधी दिसतो, ऐकू नंतर येतो

या वेळच्या पत्रांत एक तक्रार सारखी भेटते: सॉफ्टवेअर बदलून पाहिलं, तरी फरक नाही. फरक पडणार नव्हताच. कानडे मारुती लेनमधल्या माझ्या खोलीत आवाज-चित्राची जी कामं दुरुस्तीला येतात, त्यांतली बहुतेक रेकॉर्डिंगचं बटण दाबायच्या आधीच बिघडलेली असतात. सॉफ्टवेअर बिचारं मिळालेले आकडे मांडून दाखवतं.

प्रश्न : आमच्या मंडळाची कीर्तनं मी गोदाघाटावर चित्रित करतो. चित्र मोबाइलवर, आवाज बुवांच्या जवळ ठेवलेल्या हातातल्या रेकॉर्डरवर. घरी संगणकावर दोन्ही जोडतो तेव्हा सुरुवातीला सगळं जुळतं, पण सव्वा तासानंतर बुवांच्या चिपळ्या आधी मिटताना दिसतात आणि आवाज मागून येतो. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा. वाढवू का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : नको. रॅम कमी असेल तर पाहताना चित्र अडखळतं, पण तयार झालेल्या फाइलमध्ये आवाज मागे पडत नाही. ते पैसे दुसरी हार्ड डिस्क घ्यायला ठेवा, कीर्तनाची एकच प्रत ठेवणाऱ्यांची मला भीती वाटते.

तुमचा आवाज 'हळूहळू' मागे पडतोय, हे तुम्ही नीट लिहिलंत म्हणून निदान सोपं झालं. सॅम्पल रेटचा घोटाळा असता तर पहिल्याच मिनिटाला कळला असता. रेकॉर्डरने सेकंदाला 48,000 नमुने घेतले आणि संगणकाने ते 44,100 समजून वाजवले, तर तासाभराचं कीर्तन पाच मिनिटांनी लांबतं आणि सूर पेटीच्या जवळजवळ दीड पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या मिळून) खाली येतो. काळी दोनची पेटी काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. पेटीवाल्याने तुम्हाला तेव्हाच फोन केला असता.

मग उरतात दोन संशयित. पहिला तुमचा मोबाइल. संध्याकाळी घाटावर उजेड कमी, त्यामुळे मोबाइल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड घेऊ देतो आणि सेकंदाच्या फ्रेम आपोआप कमी-जास्त करतो. हे तो तुम्हाला सांगत नाही. मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात फाइल टाका. 'फ्रेम रेट मोड' पुढे 'व्हेरिएबल' दिसलं तर जोडणी करण्याआधी ती फाइल हँडब्रेक या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या फुकट प्रोग्राममधून काढा आणि तिथे 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. सेकंदाला 30 चं चित्रण असेल तर 30 च ठेवा, 25 करायच्या मोहात पडू नका. पुढच्या वेळी मोबाइलवर असं ॲप वापरा ज्यात फ्रेम रेट आणि शटर बांधून ठेवता येतं. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, आपली वीज 50 हर्ट्‌झची आहे, म्हणजे ट्यूबलाइटखाली पट्टे पळत नाहीत.

दुसरा संशयित जास्त साळसूद आहे. मोबाइलमध्ये एक स्फटिकाचं घड्याळ, रेकॉर्डरमध्ये दुसरं. दोन्ही 48,000 म्हणतात, पण दोघांच्या सेकंदात किंचित फरक असतो. दहा लाखांत पन्नासचा फरक म्हणजे कागदावर काहीच नाही, पण सव्वा तासाच्या, म्हणजे 4,500 सेकंदांच्या शेवटी तो 0.225 सेकंद होतो. पंचवीस फ्रेमच्या चित्रात साडेपाच फ्रेम. चिपळ्या मिटून बुवांचा हात पुढच्या शब्दाला निघालेला असतो तेव्हा 'टक्' ऐकू येतं. आपल्या नाशकात दादासाहेब फाळक्यांनी मूकपट काढले, तेव्हा ही कटकट त्यांच्या वाट्याला आली नाही.

ओळखायचं कसं? चूक एकसारखी वाढत असेल, म्हणजे अर्ध्या वेळेला अर्धी आणि शेवटी पूर्ण, तर घड्याळांचं भांडण. मध्येच उडी मारत असेल, कधी पुढे कधी मागे, तर मोबाइलचा फ्रेम रेट. तुमच्या बाबतीत दोन्हीही असू शकतं, म्हणून आधी फ्रेम रेट सरळ करा, मग घड्याळाकडे या.

आता दुरुस्ती. सिनेमावाल्यांना पाटी आपटावी लागते, कीर्तनकाराच्या हातात ती आधीच असते. सुरुवातीच्या नमनातला चिपळ्यांचा एक ठोका आणि शेवटच्या आरतीतला टाळाचा एक ठोका, असे दोन निवडा. चित्रात ज्या फ्रेमला लाकूड लाकडाला किंवा पितळ पितळेला लागतं तिथे खूण करा. आवाजाच्या पट्टीवर तोच ठोका सरळ उभी रेघ होऊन दिसतो, तिथे दुसरी. दोन ठोक्यांमधलं अंतर चित्रात 4,500 सेकंद आणि आवाजात 4,500.23 सेकंद आलं तर आवाज सुमारे 0.005 टक्के लांब आहे. ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट प्रोग्राममध्ये पूर्ण पट्टी निवडून 'चेंज स्पीड अँड पिच' मध्ये तेवढा वेग वाढवा. सुरावर परिणाम होतो, पण इतका बारीक की कुठल्याही गवयाच्या कानाला लागणार नाही. 'चेंज टेम्पो' वापरू नका. ते सूर राखायला आवाज चिरून पुन्हा चिकटवतं आणि टाळाच्या ठोक्याला शेपूट फुटतं. इथे सूर राखायची गरजच नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण घाटावर ती हमखास होते. तुम्ही बहुधा मोबाइलच्या आवाजाशी रेकॉर्डरचा आवाज आपोआप जुळवून घेता. मोबाइल श्रोत्यांच्या मागे, यशवंतराव महाराज पटांगणावर म्हणजे सहज पंधरा-सतरा मीटर लांब. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, सतरा मीटरला 50 मिलिसेकंद लागतात. पंचवीस फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम असते 40 मिलिसेकंदांची. म्हणजे मोबाइलने चित्र वेळेवर पकडलं आणि आवाज एका फ्रेमहून जास्त उशिरा. त्या उशिरा आलेल्या आवाजाशी तुम्ही बुवांजवळचा चांगला आवाज जुळवलात, की तोही उशिरा. आपोआप जुळवून झालं की आवाजाची पट्टी एक फ्रेम अलीकडे ओढा आणि डोळ्यांनी ठोका पाहा. ही चूक पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते, म्हणून लोक तिला वर्षानुवर्षं ओळखत नाहीत. 'काहीतरी चुकल्यासारखं वाटतं' एवढंच म्हणतात.

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्या माझ्या काकांनी टेपवर घेतल्या होत्या. त्या कॅसेटी मी लॅपटॉपवर उतरवते आहे. खरखर खूप आहे आणि ऑडॅसिटीने ती काढली की आजी पाण्याखालून गाते असं वाटतं. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : ताई, आधी हात थांबवा. खरखर काढायच्या आधीचा मूळ उतारा वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने ठेवला आहे ना? नसेल तर कॅसेट पुन्हा वाजवा. साफ केलेल्यावर पुन्हा साफ करायला कुणीही बसू नये.

तुम्ही टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर लावली असणार, बहुतेक घरांत हेच होतं. ते भोक हेडसेटच्या माइकसाठी असतं: एकच बाजू घेतं आणि मोठा आवाज आला की फाटतं. टेप डेकला लाइन-आउट असेल तर ते आणि एखादा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज यूएसबीतून संगणकात नेणारी छोटी पेटी), एवढं मिळवा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर उतरवा, खाली सतत चालणारा 'हूंऽऽ' बऱ्याचदा तिथेच संपतो. 48,000 आणि 24 बिट ठेवा. दोन्ही बाजू मिळून तासाला साधारण एक जीबी होतं, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा प्रकार) साठवलंत तर त्याहून बरंच कमी. पातळी सर्वांत मोठ्या ओवीला उणे 12 डेसिबलच्या आसपास जाऊ द्या. ओव्या गाताना आजी मध्येच सुनेला हाक मारते, त्या हाकेला जागा हवी.

आणि पेचकस. ही टेप काकांच्या रेकॉर्डरवर घेतलेली, तुम्ही वाजवता दुसऱ्यावर. दोघांच्या हेडचा कोन जुळत नसेल तर आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो, आणि सगळे त्याला टेप जुनी झाली म्हणतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग बसवलेला बारीक स्क्रू असतो. टेप चालू ठेवून तो अगदी केसभर इकडे-तिकडे करा. आजीचे 'स' आणि 'च' उघडले की सोडून द्या. माझ्या मते कॅसेटीवर करायच्या कामांत याच्याइतका फायदा कुठल्याच फिल्टरने होत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटात ठेवलेल्या कॅसेटींना बुरशी धरते. रिळावर पांढरे ठिपके दिसले तर ती वाजवू नका, हेड खराब होईल आणि पुढची चांगली कॅसेटही.

आता खरखर. ऑडॅसिटीला नमुना कुठला दिलात, यावर सगळं आहे. मला वाटतं तुम्ही ओवी सुरू होण्याआधीचे काही सेकंद दिलेत, आणि त्यात जातं आधीच फिरायला लागलं होतं. प्रोग्रामला जात्याची घरघर आणि टेपची सळसळ यांतला फरक माहीत नाही. त्याने दोन्ही काढायला घेतलं, आणि जात्याची घरघर जिथे असते तिथेच आजीच्या आवाजाचं अंगही असतं. नमुना घ्यायचा तो जातं सुरू होण्याआधीचा, नुसती टेप सरकत असतानाचा, दोन-तीन सेकंदांचा. कमी करायचं ते सहा-सात डेसिबल, जास्त नाही. त्याच खिडकीत 'रेसिड्यू' असा पर्याय आहे. तो निवडून ऐकलंत की जे काढून टाकलं जाणार आहे तेच ऐकू येतं. त्यात आजीचा एकही शब्द ओळखू आला तर तुम्ही फार पुढे गेलात.

जातं मात्र राहू द्या. ओवीची लय त्यावरच आहे.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, लॅपटॉपवर उबंटू (लिनक्स) आहे. चित्रसंपादनाचं दा विंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं म्हणून टाकलं, पण मोबाइलची क्लिप उघडतच नाही. ग्राफिक कार्ड घ्यावं लागेल का? (एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

उत्तर : कार्डाने हे सुटणार नाही. रिझॉल्व्हची लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.264 (चित्र दाबून लहान करायची एक पद्धत) चं चित्र उघडत नाही, आणि मोबाइल बहुतेक तेच देतो. एक तर एफएफएमपेग या फुकट साधनाने चित्र डीएनएक्सएचआर आणि आवाज पीसीएम, अशा कमी दाबलेल्या प्रकारांत करून घे. फाइल कित्येक पट मोठी होईल, तेव्हा डिस्कवर जागा बघ. नाहीतर सरळ केडेनलाइव्ह हा दुसरा संपादनाचा प्रोग्राम वापर, ते लिनक्सवर असल्या क्लिपा निमूट उघडतं. तुझ्या लघुपटाला रिझॉल्व्हचं रंगकाम हवंच असेल तर पहिला रस्ता, नसेल तर दुसरा. आणि जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळलं तर 'प्रॉक्सी' चालू कर. लहान प्रतीवर काम होतं, शेवटी मूळ फाइल वापरली जाते. कार्डाचे पैसे वाचले तर एसएसडी घे.

प्रश्न : मी घरून दहावीच्या मुलांसाठी धडे रेकॉर्ड करते, त्यासाठी ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम वापरते. धडा संपत आला की वीज जाते आणि फाइल उघडत नाही. आकाराने मात्र ती मोठी दिसते. आत काहीच नसतं का? (एक शिक्षिका, सिडको)

उत्तर : आत सगळं असतं, फक्त त्याची अनुक्रमणिका नसते. साध्या एमपी4 मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे हा तक्ता रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहिला जातो. वीज त्याआधी गेली की चित्र आणि आवाज डिस्कवर पडून राहतात, पण वाचायचं कुठून ते प्लेअरला कळत नाही. अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच सेटिंगवर केलेला, धडधाकट असलेला दुसरा धडा नमुना म्हणून द्या, तो पाहून ते मोडक्या फाइलचा तक्ता नव्याने बांधतं. दरवेळी जमतंच असं नाही, पण पुन्हा शिकवण्याआधी करून पाहा. तोवर त्या डिस्कवर काही नवं लिहू नका असा सल्ला लोक देतात, तो पुसलेल्या फाइलसाठी आहे. तुमची फाइल पुसलेली नाही, तिची एक प्रत करून प्रतीवर प्रयोग करा.

पुढच्या धड्यासाठी ओबीएसच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट' खाली रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही करा. वीज गेली तरी तोवरचं उघडतं. शाळेला एमपी4 च हवी असेल तर फाइल मेनूतून 'रीमक्स' करा. चित्र पुन्हा शिजवावं लागत नाही, त्यामुळे दर्जाही तोच राहतो आणि वेळही फार जात नाही. नव्या आवृत्त्यांत हायब्रिड एमपी4 हा प्रकारही आहे, तो अशा अपघातात तगतो.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की घरी इन्व्हर्टर आहे, तरी संगणक बंद पडतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, त्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन पर्याय असतात. नॉर्मलवर बदल व्हायला जो क्षण लागतो तो पंख्याला चालतो, संगणकाला नाही. स्विच यूपीएसकडे करून बघा. तसा स्विचच नसेल तर संगणकापुरता छोटा यूपीएस घ्या, आणि त्यावर प्रिंटर लावू नका.