लंडन ते सिडनी विमानाने किती अंतर आहे? आणि तिकिटावर जाताना ३५ तास, येताना १४ तास असं का दिसतं?

सरळ अंतर सुमारे १७,००० किमी. वाटेत एक थांबा धरला तर प्रवास २३ ते २५ तासांचा होतो, जाताना आणि येतानाही. ३५ आणि १४ ही निव्वळ घड्याळांची करामत आहे.

विमानतळावरची वेळ नेहमी त्या त्या गावची असते. समजा, जानेवारीत सोमवारी रात्री ८:३० ला लंडनहून निघालात आणि २४ तासांनी पोहोचलात. लंडनमध्ये तेव्हा मंगळवारचे रात्रीचे ८:३० वाजलेले असतात. सिडनी ११ तास पुढे, म्हणजे तिथे बुधवारची सकाळ, ७:३०. नुसती वजाबाकी केली की ३५ तास. परतताना तेच ११ तास उलटे वजा होतात, म्हणून २५ तासांचा प्रवास कागदावर १४ चा दिसतो. हा फरकही कायम ११ नसतो. लंडनच्या उन्हाळ्यात तो ९ असतो. दोन्हीकडची घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत, त्यामुळे एप्रिलच्या तोंडावर काही दिवस आणि ऑक्टोबरात तीन ते चार आठवडे तो १० असतो. हिशेब करताना तारीख बघाच.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ तुर्कस्तान, ओमानवरून जाते. गोलावरची सर्वांत जवळची वाट मात्र मॉस्कोच्या जरा उत्तरेकडून आणि मग चीनवरून जाते. २०२२ पासून रशियाचं आकाश ब्रिटिश विमानांना बंद असल्यामुळे ती वाट सध्या कागदावरच आहे.

थांब्यामुळे अंतर किती वाढतं हे थांब्यावर अवलंबून. सिंगापूर जवळपास वाटेवरच आहे: १०,८८० अधिक ६,३००, म्हणजे जेमतेम दोनशे किमी जास्त. दुबईमार्गे साधारण १७,५५०, पर्थमार्गे १७,८००. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या पुढे. शिवाय तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा किंवा प्रवासाची पूर्वपरवानगी लागते. कितीही स्वस्त दिसलं तरी आधी ते तपासा.

वेळेचा ढोबळ अंदाज सोपा आहे: किमीला ९०० ने भागा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवा. सिंगापूर-सिडनीसाठी याने साडेसात तास येतात, आणि ते बरोबर जमतं. लंडन-सिंगापूरला साडेबारा येतात, पण युक्रेन-रशिया टाळून वळसा घ्यावा लागत असल्याने १३ ते १४ धरा. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला परतताना तासभर जास्त.

न थांबता जाता येतं का? सिद्ध झालंय: १९८९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचं बोइंग ७४७-४०० हे अंतर २० तास ९ मिनिटांत गेलं, २०१९ मध्ये ७८७-९ ला १९ तास १९ मिनिटं लागली. पण दोन्ही वेळा विमान जवळपास रिकामं होतं. इतकं इंधन भरल्यावर पूर्ण प्रवासी आणि सामान उचलायला वाव उरत नाही, खरी अडचण तीच.

शेवटी तिकीट: दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी काढलीत तर सिंगापूरला बॅगा घेऊन, इमिग्रेशन ओलांडून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे गेले. एका बुकिंगवर दोन तासांचा थांबा पुरतो. स्वतंत्र तिकिटांवर मी पाच-सहा तासांहून कमी ठेवणार नाही.